खाऱ्या पाण्यालगत

आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं.
साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही,
पितळी गुंडाला आतून पांढरा थर धरतो.
आणि बाबा म्हणतात, वाच.
तेच वाच, संथ पाण्याचं.

मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, एकतीस वर्षं.
गोळ्या मोजून कागदाच्या पुड्या बांधायचे.
आता त्यांचे श्वास मी मोजते,
मिनिटाला अठ्ठावीस, कधी बत्तीस.
वीज गेली की वाफेचं मशीन थांबतं
आणि घरात ती शिट्टी तेवढी उरते,
छातीतली, बारीक,
दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी.
नाव त्यांचं शांतवन.
दोन लेकरं मातीत गेल्यावर झाले,
म्हणून आजीनं ठेवलेलं.

शास्त्राला डांबरगोळीचा वास.
समासात बाबांचं अक्षर, निळी पेन्सिल:
"सुवार्ता, ताप १०४, रात्रभर."
"पूर्णेला पूर. पूल बंद. बाळंतीण वाचली. हालेलूया."
एका पानावर नुसती तारीख,
आई गेली त्या दिवसाची.
पुढे काही नाही,
पण शेजारच्या ओळीखालची रेघ इतकी दाबून ओढलेली
की पान उलटल्यावर बोटाला लागते.

मी वाचते. कुरण, मेंढपाळ, काठी.
खरं सांगू, मला ती काठी कधी कळली नाही.
शाळेत शिकवते मी, छडी माहीत आहे.
ज्याच्या हातात काठी
त्याच्यापाशी धीर कसा यावा?

पऱ्हाट्या उपटून झाल्यावर काठेवाडी आले,
उंट, खाटा, पोरं, दोनेकशे मेंढ्या,
नाल्याकडच्या रिकाम्या वावरात उतरले.
वेलाभाई गोड्या पाण्याची कॅन मागायला आला.
(नळ आठ दिवसांनी येतो. दिली तरी.)
काठी भिंतीला टेकवली होती त्यानं,
त्याच्याहून उंच, टोकाला आकडा.
मी विचारलं, हिनं मारता?
तो हसला, जणू मी विचारलं
चमच्यानं मारता का.

कुंपणाशी बाभूळ.
त्यानं आकडा वर घातला, फांदी खाली ओढली,
शेंगा खळखळल्या, मेंढ्या धावल्या.
एक लंगडी मागे राहिली.
बाकीच्यांचं खाऊन झालं, त्या पांगल्या,
तो फांदी धरून उभाच.
ती येईपर्यंत.
तिचं तोंड पोचेपर्यंत.
मनगटात काटे रुतलेले, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

घरी आले तर वीज नव्हती.
बाबांना सगळं सांगितलं, अंधारातच.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
शिट्टी तेवढी चालू.
मग म्हणाले,
"पोचली काय थे लंगडी?"
पोचली.
"मंग वाच आता."

त्या रात्री त्यांना शेवटचं स्तोत्र हवं होतं,
ते डफांचं, झांजांचं.
कंदिलाच्या उजेडात मी वाचत गेले
आणि श्वास या शब्दापाशी अडले.
"काहून थांबली?"
ज्याच्यात श्वास आहे त्यानं स्तुती करायची आहे, बाबा.
तुमच्यात तर अर्धाच.

"अर्धी त अर्धी," म्हणाले,
आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोटानं ताल धरला,
गोळ्या मोजणारं बोट,
दोन दोन करून पुढे सरकणारं.
नाल्याकडून मधूनच एखादी घंटी.
उंटाची असेल. मेंढीची असेल.
तालात नव्हती,
पण बाबा तिच्यासाठी थांबत होते.

वीज पहाटे आली.
मशीन घरघरलं, बाबा झोपले होते.
मी निळी पेन्सिल घेतली, समासात पहिल्यांदाच:
"श्वास सव्वीस. लंगडी मेंढी. नळ उद्या."
आणि पुढे ते एक लिहायला घेतलं
तर टोक मोडलं.
चाकू शोधला नाही.
आहे तसंच तिथे, हालेलू,
इतकंच.